वय झालं हे तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?

प्रश्न वाचला आणि आधी वाटलं, सोड, आपलं काय सांगण्यासारखं नाही. पण दिवाळीत एक प्रकार घडलाय आणि तो अजून डोक्यातनं जात नाहीये, म्हणून लिहिते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी 59 वर्षांची. कोल्हापूर. एका पतसंस्थेत 31 वर्षं खुर्चीवर बसून मागच्या वर्षी रिटायर झाले. घरात मी, मिस्टर आणि माझे वडील, अण्णा. अण्णांना 84 पूर्ण झाली. पोस्टमन होते, 2001 साली रिटायर झाले. आई गेल्यावर ते शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात एकटेच राहायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत. 2019 ला घरात पाणी आलं तरी परत तिथंच गेले. 2021 ला पुन्हा आलं, मग मात्र मी त्यांची ट्रंक रिक्षात टाकली आणि आमच्याकडं आणलं. आजही पावसाळ्यात पंचगंगा 39 फुटाची इशारा पातळी गाठायला लागली की त्यांना पाणी बघायला जायचंच असतं. बाहेरगावच्या लोकांना हे येडेपणाचं वाटेल पण कोल्हापुरात पूर बघायला जाणे हे फॅमिली औटिंगच आहे, 43 म्हणजे धोका पातळी, आणि तिथं उभं राहून "उद्यापर्यंत चढतंय बघा" असं अनोळखी माणसाला सांगणे हा प्रत्येकाचा हक्क.

तर अण्णा घरी आले आणि मी ठरवलं की ह्यांना बसवून ठेवायचं नाही. दर शनिवारी बाहेर न्यायचं. अडचण अशी की "चला अण्णा, फिरून येऊ" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला कशाला, तुम्ही जावा." आयुष्यभर हा माणूस रोज बटवड्याला, म्हणजे घरोघर टपाल वाटायला चालला, सायकल मारली, त्यामुळं कामाशिवाय नुसतं चालायचं म्हणजे काय हे त्यांना पटतच नाही. मग मी युक्ती केली, काम काढायचं. चप्पल शिवून आणायची, चाकूला धार लावायची, किंवा नातीला टाकायचं कार्ड पेटीत टाकून येऊ म्हणायचं. की हे तयार, शर्ट इन करून, खिशाला पेन लावून दारात उभे.

कार्डाचं सांगते कारण पुढं लागणार आहे. माझी मुलगी बेंगळुरूला नोकरीला आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो, पण अण्णांना कानाने नीट ऐकू येत नाही आणि मशीन लावायचं नाही, त्यामुळं ते नातीला पोस्टकार्ड लिहितात. अजून 50 पैशालाच मिळतं, मलाही खरं वाटलं नव्हतं. एकदम वीसचा गठ्ठा आणून ठेवतात. बारीक अक्षरात काठोकाठ लिहायचं, पत्ता मात्र ठळक आणि पिनकोड असा की आंधळ्यानेही सॉर्टिंग करावं. मग कार्ड माझ्या हातात, "टाकून ये." आणि मी ते कधी वाचलं नाही. उघडं कार्ड, कुणीही वाचेल, पण आमच्या घरात लहानपणापासून एकच नियम कडक होता, दुसऱ्याचं टपाल वाचायचं नाही. शाळेत असताना शेजारच्या काकूंचं अंतर्देशीय मी नुसतं उजेडाकडं धरून बघितलं होतं तर अण्णांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मारलं असतं तर परवडलं असतं.

असो. आमच्या फिरण्याचे रूट ठरलेत. एक राजारामपुरी. ते त्यांचं बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग होता बरीच वर्षं, आणि तिथं गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली गल्ली दुसरी गल्ली असं. अण्णांबरोबर तिथनं जायचं म्हणजे फिरणं नव्हे तो बटवडाच. "इथं दर महिन्याला मुंबईची मनिऑर्डर यायची." "ह्या घरात कुत्रं होतं, मी बिस्किट ठेवायचो खिशात." "हिथल्या पोराला नोकरीचा कॉल आला तेव्हा त्याच्या आईने मला आत बसवून शिरा दिला." आता तिथं सगळे अपार्टमेंट आणि मोबाईलची दुकानं. ते बिल्डिंगकडं बघतच नाहीत, त्यांना जुनं दारच दिसतं. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला कधीमधी सायकलच्या दांडीवर बसवून ह्याच गल्ल्यांतनं न्यायचे (नियमात बसत नसणार), त्यामुळं काही दारं मलाही दिसतात.

लाल पेटी दिसली की थांबायचं हा अजून एक नियम. पाटीवर टपाल काढायची वेळ लिहिलेली असते ती वाचायची, घड्याळ बघायचं, मान हलवायची. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं ही बातमी आली त्या दिवशी ते जेवताना गप्प होते. मी म्हटलं, अण्णा जगात एवढं चाललंय आणि तुम्हाला रजिस्टरचं काय पडलंय. तर म्हणाले, "सही घेतल्याशिवाय हातात द्यायचं न्हाई म्हणजे काय ते तुला कळायचं न्हाई."

दुसरं औटिंग हयातीचा दाखला, पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी जिवंत असल्याचा द्यायचा तो. हे लोक हसतील पण आमच्याकडं हा सण आहे. ऐंशीच्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, पोस्टमन घरी येऊनही करून देतो. मी अण्णांना म्हटलं बोलावू का पोस्टमनला घरी. असा काय लुक दिला मला. "माझ्या दारात पोस्टमन? आणि मी बसून राहू?" म्हणून मग आम्हीच जातो. अंगठ्याचे ठसे मशीन घेत नाही, झिजलेत, मग चेहऱ्याचं करतात आणि ती मुलगी ओरडून सांगते "आजोबा डोळे मिटा, आता उघडा." ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन 20 टक्के वाढते, पंच्याऐंशीला 30 आणि शंभरीला डबल. अण्णा येत्या जूनची वाट बघतायत. डबलचं ऐकून म्हणाले, "सरकारला म्हाईत हाय किती जण पोचतात ते."

तिसरा रूट रंकाळा. संध्याकाळी पदपथावरनं शालिनी पॅलेसच्या दिशेनं निघायचं. पूर्वी आम्ही बरंच पुढं जायचो. गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र अण्णा दोन बाकं झाली की "दमलो गं, बसूया जरा" म्हणायला लागले. बसायचं, पाणी बघायचं, भेळ घ्यायची, परत दोन बाकं. मला वाईट वाटायचं. ज्या माणसाच्या सायकलच्या दांडीवर मी बसले तो आता शंभर पावलांवर दमतो. भावाला अमेरिकेत फोन करून सांगितलं, "अण्णा आता थकले रे, बघून जा एकदा." तो पण हळवा झाला, लगेच तिकिटं बघायला लागला.

आणि वाडी. नृसिंहवाडी, दत्ताची. मागच्या जानेवारीत गेलो होतो एसटीने. अण्णा 75 च्या वरचे म्हणून फुकट आणि बायकांना निम्मं भाडं, म्हणजे आमच्या दोघांचं मिळून अर्धं तिकीट! कंडक्टरने शून्य रुपयाचं तिकीट हातात दिलं की अण्णा ते घडी घालून खिशात ठेवतात आणि म्हणतात, "मी आता बेअरिंग टपाल." नव्या पोरांसाठी सांगते, पोस्टाचं तिकीट न लावता टाकलेलं पत्र म्हणजे बेअरिंग, पैसे घेणाऱ्याने भरायचे. म्हणजे मी.

दर्शन झालं. तिथनं खाली पाण्यापर्यंत घाटाच्या पायऱ्या आहेत, कृष्णा-पंचगंगेचा संगम, तिथं पाय बुडवल्याशिवाय आमची वाडी पूर्ण होत नाही. मी पदर खोचला तर अण्णा म्हणाले, "मला आता पायऱ्या जमत न्हाईत. इथनंच हात जोडू." मी म्हटलं "मी धरतो की तुम्हाला." (हो, कोल्हापूरच्या आम्ही बायका 'येतो, जातो, धरतो'च म्हणतो, पुणेकरांनी शुद्धलेखन काढू नये.) नकोच म्हणाले. मग वर आलो, त्यांनी मला बासुंदीच्या दुकानात बसवलं आणि "कवठाची बर्फी बघून येतो" म्हणून गेले. वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही, मी काळजीत. आले तेव्हा हातात बर्फी होती खरी, पण लेंग्याची खालची किनार ओली. विचारलं तर म्हणाले नळावर पाय धुतले. मी विषय सोडून दिला. वांगी घ्यायची होती, त्या नादात.

आता दिवाळी. मुलगी चार दिवस आली होती. भाऊबीजेच्या आदल्या रात्री आम्ही दोघी फराळाचे डबे आवरत होतो. ती म्हणाली, "आई, तुझ्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं कुठला गुडघा? माझा गुडघा ठीक आहे, थोडा कुरकुरतो एवढंच, ह्या वयात सगळ्यांचाच. तर ती उठली आणि बॅगेतनं चॉकलेटचा पत्र्याचा डबा आणला. आत आजोबांची सगळी कार्डं, तारखेप्रमाणं लावलेली. मी म्हटलं मी वाचणार नाही. ती म्हणाली, मला आलंय, माझं टपाल आहे, मी वाचून दाखवते.

शब्दन्‌शब्द आठवत नाही. पण असं होतं की, तुझी आई जिना उतरताना आडवी उतरते, एका हाताने कठडा धरते, तिला वाटतं कुणाला दिसत नाही. एका कार्डात, रंकाळ्यावर मी दर दोन बाकांवर दमलो म्हणतो, म्हणजे ती बसते, तिला बस म्हटलं तर बसणार नाही, तुझ्या आजीवर गेली आहे. आणि वाडीचं. खाली पाण्यापर्यंत गेलो असतो तर उतरली असती पण चढताना तिला जमलं नसतं, म्हणून मलाच जमत नाही म्हणून सांगितलं, मग तिला बासुंदीला बसवून एकटा जाऊन पाय बुडवून आलो. शेवटी प्रत्येक कार्डात एकच ओळ: आईला सांगू नको.

आणि ती कार्डं मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलेली. प्रत्येक.

मला आधी हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले थोडा वेळ. भावाला अमेरिकेत अण्णा थकले म्हणून रडवलं होतं मी! चार वर्षं मी समजत होते की मी त्यांना फिरवते. शेजारणी म्हणायच्या काय नशीबवान वडील, लेक दर शनिवारी बाहेर काढते, आणि मी पण मान डोलवायची. तिकडं म्हातारा काठी न घेता घाट उतरून चढून येतो, आणि बसला असतो रंकाळ्यावर माझ्यासाठी दम लागल्याचं नाटक करत. केसं पांढरी झाली, रजोनिवृत्ती झाली, रिटायरमेंटला नारळ-शाल घेतली, चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. त्या रात्री जाणवलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर विचाराल तर तारीख वार सकट ती रात्र.

डॉक्टरकडं जाऊन आले. एक्स-रे काढला, गुडघ्यातली गादी झिजलीय, मांडी घालून बसायचं नाही, व्यायाम दिलेत, वजन कमी करायला सांगितलंय. त्यात विशेष काही नाही, अर्ध्या गावाला तेच सांगतात.

अण्णांना मी काही बोलले नाही. मुलीला पण सांगितलं, कळलंय म्हणून लिहू नको त्यांना. मागच्या शनिवारी रंकाळ्यावर गेलो, दुसरं बाक आलं, ते म्हणाले "दमलो गं." मी म्हटलं बसा की अण्णा, घाई कसली. बसलो. समोर पोरं कणसं खात होती, संध्यामठाच्या बाजूला पाण्यावर उजेड पडला होता, अण्णा घड्याळ बघत होते कारण कोपऱ्यावरच्या पेटीची वेळ व्हायची होती.

उठताना त्यांनी खिशातनं कार्ड काढून माझ्याकडं दिलं, "जा, टाकून ये." मी पत्त्याची बाजू वर धरून नेलं.