कुंभारीण की गांधीलमाशी?

प्रश्न असा आला आहे: ‘सोलापूरकडच्या आमच्या घरी उन्हाळ्यात ट्यूबलाइटच्या पट्टीवर मातीचं घर करणाऱ्या माशीला आजी कुंभारीण म्हणायची. पुण्यात सगळे तिला गांधीलमाशी म्हणतात. बरोबर कोणतं? आणि ते घर पाडावं का?’

बरोबर आजीचं. गांधीलमाशी वेगळी. ती लाकूड चावून लगदा करते आणि छज्ज्याखाली कागदासारखं करडं पोळं टांगते. त्यात घोळक्याने राहते आणि चुकून झाडूचा धक्का लागला तर सगळा घोळका अंगावर येतो. मग अंगावर गांधी उठतात. (महात्माजींचा इथे काही संबंध नाही, लहानपणी मात्र आम्हाला पक्की खात्री होती.)

कुंभारीण एकटी असते. माठाखालच्या किंवा धुण्याच्या दगडाजवळच्या ओल्या मातीची गोळी ती जबड्यात धरून आणते. आमच्या खिडकीच्या चौकटीवर एक येत असे. गोळी लिंपताना तिची गुणगुण एकदम बारीक, चढ्या सुराची व्हायची आणि माती बसली की थांबायची. पुस्तक वाचत बसलेलो असलो तरी नुसत्या आवाजावरून कळायचं, एक थर चढला.

शब्दाचं लिंग बघा. ‘कुंभार’ नाही, ‘कुंभारीण’. हे घर बांधते ती फक्त मादी, नराचा त्यात हात नसतो. आपल्या भाषेत असं नेहमी जमतंच असं नाही: डास पुल्लिंगी, आणि रक्त पिते ती मादी. कुंभारणीच्या बाबतीत मात्र नाव ठेवणारीचा नेम अचूक लागला. (हो, ‘नाव ठेवणारी’च. हा शब्द घर सारवणाऱ्या बाईलाच सुचला असणार, असं माझं मत.)

आणखी एक धागा. कीर्तनात ‘कीटकभ्रमरन्याय’ येतो: भ्रमर अळीला घरात कोंडतो, अळी त्याच्या ध्यासाने स्वतःच भ्रमर होऊन बाहेर पडते. हा भ्रमर कमळावरचा भुंगा नव्हे, ही आपली कुंभारीणच. पाहणाऱ्याने पाहिलं ते खोटं नव्हतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली. मधलं तेवढं दिसलं नाही. ती नांगी मारून भक्ष्य लुळं करते, अंडं घालून तोंड लिंपते, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी शिदोरी खातं. काही जाती अळ्या भरतात, काही कोळी. मी एकदा पडलेलं घर फोडलं तर आत सात-आठ इवले कोळी निघाले, मऊ, जराही न सडलेले.

लिहिताना एक सांभाळा: ‘कुंभारीणचं घर’ नको, ‘कुंभारणीचं घर’. माळीण, माळणीचं. तसंच हे.

आता पाडण्याचं. घराला बारीक गोल भोक दिसतंय का ते बघा. दिसलं तर पिल्लू उडून गेलंय, खुशाल खरवडा. सगळीकडून बंद असेल तर थोडे दिवस राहू द्या. ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.