पैठण, तेर आणि पँटीनस : मूळ ग्रीक-लॅटिन मजकूर कुठे पाहावा?

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. पैठण आणि तेर यांचा उल्लेख एका प्राचीन ग्रीक ग्रंथात आहे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु ती ग्रीक वाक्ये मी स्वतः कधी पाहिली नाहीत. मला ग्रीक येत नाही. तरीही मूळ मजकूर डोळ्यांखालून घालावा आणि भाषांतराशी ताडून पाहावा, अशी इच्छा आहे. तो कुठे मिळेल?
— एक वाचक, पैठण

उत्तर : आपण म्हणता तो ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोणा अज्ञात ग्रीकभाषक लेखकाने लिहिला. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ म्हणतात. परंतु ग्रंथालयांच्या सूचींत ग्रीक ग्रंथांची नावेदेखील बहुधा लॅटिनमध्ये नोंदवलेली असतात, म्हणून शोध घेताना ‘पेरिप्लस मारिस एरिथ्राई’ हे नाव वापरावे. केवळ इंग्रजी नावाने शोधणाऱ्याला भाषांतरेच सापडत राहतात आणि मूळ संहिता बाजूला राहते.

ग्रंथाचे ६६ लहान परिच्छेद आहेत आणि आपल्याला हवा असलेला मजकूर ५० व ५१ या परिच्छेदांत आहे. हा क्रमांक टिपून ठेवावा. ज्ञानेश्वरीचा संदर्भ देताना आपण पृष्ठ सांगत नाही, अध्याय आणि ओवी सांगतो, त्यामुळे कोणतीही प्रत हाती असली तरी जागा सापडते. ग्रीक-लॅटिन ग्रंथांचीही रीत हीच आहे. भाषा येत नसणाऱ्याला तर या क्रमांकाचा आधार फार मोठा, कारण त्याच्या साहाय्याने भाषांतरातील वाक्यासमोर मूळ वाक्य ठेवता येते.

कार्ल म्युलर यांनी संपादित केलेल्या ‘जिओग्राफी ग्रेकी मिनोरेस’ या संग्रहाच्या १८५५ च्या पहिल्या खंडात संपूर्ण ग्रीक संहिता लॅटिन भाषांतरासह छापली आहे, आणि इंटरनेट आर्काइव्हवर तो खंड विनामूल्य पाहता येतो. विल्फ्रेड शॉफ यांचे १९१२ चे इंग्रजी भाषांतरही तेथेच मिळते. अधिक विश्वसनीय पाठ हवा असेल, तर लायोनेल कॅसन यांची १९८९ ची आवृत्ती पाहावी. तीत ग्रीक मजकूर, इंग्रजी भाषांतर आणि सविस्तर टीपा एकत्र आहेत. ती प्रताधिकाराखाली असल्याने छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ ग्रंथालयात तिची चौकशी करावी.

या ग्रंथाचा सारा आधार दहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका हस्तलिखितावर आहे. ते जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून त्याची पानेही आता संगणकावर पाहता येतात. एकाच हस्तलिखितावर भिस्त असल्यामुळे लेखनिकाची चूक सुधारायला दुसरी स्वतंत्र प्रत नाही, म्हणून संपादकाच्या तळटीपांतील पाठभेद आवर्जून पाहावेत. आपल्याच गावाचे उदाहरण देतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील काही इंग्रजी लेखनात पैठणचे नाव ‘प्लिथाना’ असे आढळते. ग्रीक मोठ्या अक्षरांत आल्फा आणि लॅम्डा यांत केवळ एका आडव्या रेघेचा फरक असतो. ती रेघ नजरेतून निसटली की ‘पैथाना’चे ‘प्लिथाना’ होते. ज्या पैठणात एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून ती शुद्ध केली, तेथील वाचकाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

परिच्छेद ५० मध्ये लेखक सांगतो, की या प्रदेशाला ‘दाखिनाबादेस’ म्हणतात, कारण तेथील लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दाखानोस’ म्हणतात. आपला दक्षिणापथ हा शब्द एका परदेशी लेखकाच्या कानावर कसा पडला, ते येथे मूळ अक्षरांतून समजते. परिच्छेद ५१ मध्ये बारिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून पुष्कळसे साधे कापड व नाना प्रकारची तलम वस्त्रे गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या टापूंतून भडोचला नेली जात. तेर प्रत्यक्षात पैठणच्या आग्नेयेस आहे. तगर म्हणजे कोणते गाव, हा वाद बराच काळ चालला आणि डॉ. रा. गो. भांडारकरांनी बीड जिल्ह्यातील धारूरचे नाव सुचवले होते. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरच्या बाजूने मांडणी केली आणि आज तीच मान्य आहे. मूळ मजकूर वाचून झाल्यावर तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पुन्हा एकदा पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : पँटीनस नावाचे ख्रिस्ती आचार्य दुसऱ्या शतकात हिंदुस्थानात आले होते, असे आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात सांगितले जाते. याचा मूळ आधार कोठे वाचता येईल?
— एक वाचक, जालना

उत्तर : आधार चौथ्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस याच्या ‘हिस्टोरिया एक्लेसियास्टिका’ (ख्रिस्ती मंडळीचा इतिहास) या ग्रीक ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकातील दहाव्या अध्यायात आहे. झाक-पोल मिन्य यांनी एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केलेल्या ‘पात्रोलोगिया ग्रेका’ या १६१ खंडांच्या मालेतील विसाव्या खंडात तो ग्रीक व लॅटिन अशा दोन्ही रूपांत समोरासमोर मिळतो. त्या मालेत संदर्भ पृष्ठाचा नसून रकान्याचा असतो, हे ध्यानात ठेवावे. मिन्य यांनी बहुतांशी जुन्याच आवृत्त्या पुन्हा छापल्या. म्हणून प्रतिपादन त्या पाठावर उभे करायचे असेल, तर एडुआर्ट श्वार्ट्झ यांच्या १९०३ ते १९०९ या काळात निघालेल्या आवृत्तीशी तो ताडून पाहावा. तीत रुफिनसचे प्राचीन लॅटिन भाषांतरही आहे. इंग्रजीच्या आधाराने वाचणाऱ्याला लोएब मालेतील कर्सप लेक यांचा १९२६ चा खंड सर्वांत सोयीचा. डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी.

मूळ मजकूर पाहिल्याने एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. युसेबियस ही हकिकत ‘असे सांगतात’ या शब्दांनी देतो. येशूचा प्रेषित बर्थलमय याने मागे ठेवलेले, इब्री अक्षरांत लिहिलेले मत्तयाचे शुभवर्तमान पँटीनसला तेथील लोकांजवळ आढळले, असे त्यात म्हटले आहे. शिवाय त्या काळचे लेखक दक्षिण अरबस्तान वा इथिओपियालाही ‘इंडिया’ म्हणत, त्यामुळे हा प्रवास आपल्याच देशातला होता असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. अभ्यासवर्गात हे दोन्ही मुद्दे अवश्य मांडावेत.

पँटीनसचा शिष्य क्लेमेंट याच्या ‘स्ट्रोमाटा’च्या पहिल्या पुस्तकातील पंधरावा अध्यायही सोबत वाचावा. त्यात ‘बुत्ता’च्या उपदेशाप्रमाणे वागणाऱ्या भारतीयांचा, म्हणजे बुद्धाच्या अनुयायांचा, उल्लेख आहे. तो मिन्य यांच्या त्याच मालेच्या आठव्या खंडात सापडेल.