पिओलाकडून काय उचलायचं, काय नाही

चि. सेंटर फॉरवर्डास,

अनेक आशीर्वाद.

जुन्या इटालियन स्ट्रायकरांपैकी कोणाचा अभ्यास करू, असं विचारलंस. बहुतेक जण मेआत्झाचं नाव सांगतील. मेआत्झा मोठाच, पण त्याचं ड्रिब्लिंग त्याच्यापाशीच राहिलं. तू सिल्व्हिओ पिओला घे. चेंडू येण्याआधी जागेवर असणं आणि आला की पहिल्याच स्पर्शात मारणं, हे त्याचं भांडवल. ते सरावाने कमावता येतं.

आकडे आधी उरकू. जन्म 1913, लोंबार्दीतल्या रोब्बिओचा. फेब्रुवारी 1930 मध्ये, सोळाव्या वर्षी प्रो व्हेर्चेल्ली क्लबकडून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये उतरला. 1934 पासून नऊ हंगाम लाझिओ, युद्धात तोरिनो, मग युव्हेंतुस, आणि 1947 ते 1954 नोव्हारा. इटलीसाठी 34 सामन्यांत 30 गोल. सेरी आमध्ये 274; हा विक्रम आजही त्याचाच. कुठे 290 वाचलंस तर गोंधळू नकोस. 1945-46 ची लीग वेगळ्या पद्धतीने खेळली गेली, तिचे 16 गोल काही जण धरतात, काही नाही. 1933 मध्ये फिओरेन्तिनाविरुद्ध त्याने एका सामन्यात 6 गोल केले. 1961 मध्ये युव्हेंतुसच्या सिव्होरीने बरोबरी केली खरी, पण त्या दिवशी समोरच्या इंटर क्लबने निषेध म्हणून पोरांचा संघ उतरवला होता. विक्रम वाचताना समोर कोण होतं, तेही वाचावं. एवढं करून पिओलाला लीगचं विजेतेपद एकदाही मिळालं नाही.

आता 1938 चा वर्ल्ड कप. त्याचे 5 गोल आहेत. प्रशिक्षक पोत्सोच्या संघात मेआत्झा आणि फेरारी हे दोन इनसाइड फॉरवर्ड मागे सरकून चाली रचायचे, बियाव्हाती आणि कोलाउस्सी बगलेवरून धावायचे. मधे समोरच्या बॅकना अंगावर घ्यायला पिओला एकटा. नॉर्वेविरुद्ध जादा वेळेत साथीदार पासिनातीचा शॉट गोलकीपरच्या हातून सुटला आणि पिओलाने तो आत ढकलला. दिसायला फुकटचा गोल, पण तो नसता तर इटलीला पहिलाच सामना पुन्हा खेळावा लागला असता. उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या दोमिंगोस दा गियाने त्याला पाडलं, त्या पेनल्टीवर मेआत्झाने मारलेला गोल निर्णायक ठरला. हा गोल पिओलाच्या नावावर नाही, तरी त्यामागे तोच आहे. अंतिम सामन्यात हंगेरीला 4-2 हरवताना दोन गोल त्याचे, दोन कोलाउस्सीचे. त्या सामन्याचं थोडंफार चित्रण मिळतं. बघताना चेंडूकडे बघू नकोस, पिओला कुठे उभा आहे तेवढंच बघ.

नॉर्वेवाल्या गोलाचा सराव असा कर. साथीदाराला 18-20 मीटरवरून शॉट मारायला सांग, पुढे दोन डिफेंडर ठेव, तू त्यांच्या रेषेत राहा. शॉट पायातून सुटताक्षणी धाव घ्यायची. गोलकीपरच्या हाताला लागेपर्यंत थांबलास तर डिफेंडर आधी पोचतो. आणि शॉटच्या क्षणी ऑफसाइड असशील तर रिबाउंडवरचा गोल रद्द होतो. पोरं हेच विसरतात. दहापैकी सात-आठ धावा वाया जातील. तरी प्रत्येक वेळी धावायचं.

क्रॉसवर फसतं ते बहुधा लवकर निघाल्यामुळे. आधीच पोचलेला खेळाडू चेंडूखाली उभा राहतो, चेंडू टाळूवर लागतो आणि बारवरून जातो. म्हणून डिफेंडरच्या पाठीमागच्या खांद्याकडे उभा राहा, म्हणजे त्याला तू आणि चेंडू एकदम दिसत नाही. विंगरने मान वर केली की दोन पावलं लांबच्या पोस्टकडे टाक, डिफेंडर वळला की झपकन त्याच्या पुढून जवळच्या पोस्टकडे कापून ये. हनुवटी आत, मान ताठ, डोळे उघडे, चेंडूला कपाळ लागलं पाहिजे. चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर मारलंस तर तो जमिनीकडे जातो आणि गोलकीपरला खाली पडावं लागतं. हेडरचा सराव एका वेळी दहा-बाराच, तोही आधी हाताने टाकलेल्या चेंडूवर. पिओलाच्या काळी चामड्याचा, लेस बांधलेला चेंडू पावसात पाणी पिऊन जड व्हायचा. तसलं शौर्य आज कोणी मागत नाही. डोकं गरगरलं तर त्या दिवशी बूट काढायचे, दुसरं काही नाही.

तो दोन्ही पायांनी मारायचा. तुझा डावा कच्चा असेल तर आठवडाभर पेनल्टी स्पॉटवरून फक्त डाव्याने मार, लोळते आणि टप्प्याचे दोन्ही. चेंडू वर जात असेल तर तू मागे झुकतोयस. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला आण, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट धर, गुडघा चेंडूवर राहू दे.

बायसिकल किकचा मोह तुला होणारच, त्याच्या कसरती प्रसिद्ध आहेत. आधी पडायला शीक, वाळूत किंवा जाड गादीवर: हाताची बोटं पायांच्या दिशेला, कोपर किंचित वाकलेलं, हनुवटी छातीला. सरळ ताठ हातावर पडलास की मनगट जातं. पडणं जमेपर्यंत चेंडू आणायचाच नाही. आणि आसपास कोणाचं डोकं असेल तर किक मारायची नाही, रेफरी धोकादायक खेळ देतो.

एक गोष्ट मात्र उचलू नकोस. मे 1939 मध्ये मिलानला इंग्लंडविरुद्ध त्याने हाताने गोल केला, त्याच झटक्यात मूठ इंग्लंडचा बॅक जॉर्ज मेल याच्या डोळ्याला लागली. रेफरीने गोल दिला, सामना 2-2 सुटला. पुढे त्याने स्वतःच ते कबूल केलं. आज कॅमेरे सोडणार नाहीत, हा भाग वेगळा.

वयाची काळजी लिहिली होतीस. नोव्हारा 1947-48 मध्ये दुसऱ्या श्रेणीत होता, तिथून वर आला तेव्हा पिओला चौतिशीत होता. 1952 मध्ये 38 व्या वर्षी त्याला पुन्हा राष्ट्रीय संघात घेतलं, फ्लॉरेन्सला, इंग्लंडविरुद्धच. चाळिशीतही तो सेरी आमध्ये खेळत होता. पाय मंदावले तरी जागा हेरणं मंदावत नाही, म्हणून त्यावर आताच मेहनत घे. रिबाउंडच्या सरावापासून सुरुवात कर. महिनाभराने किती धावांना चेंडू मिळाला आणि किती वेळा ऑफसाइड झालास, ते कळव.

तुझा,
काका