सिनियर केजीतल्या मुलीला फोनिक्स असेसमेंटमध्ये 40 पैकी 17 आले, क्लास लावावा का?

नाही. आत्ता लगेच तर नाहीच.

तुम्ही लिहिलंय की मुलगी घोडबंदर रोडच्या एका शाळेत सिनियर केजीला आहे, नुकती पाच पूर्ण झालीये, टीचरनी फोनिक्ससाठी, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचता येतं का ते बघायला, तिला एकटीला बसवून चाळीस शब्द वाचायला दिले, सतरा बरोबर आले, त्यातले निम्मे शब्द 'कुठल्याच डिक्शनरीत नसलेले, उगाच बनवलेले' होते, शेरा आला 'नीड्स सपोर्ट', आणि आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्या आया तीस, पस्तीस असे आकडे टाकतायत. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले. मी कळव्याला राहते, ऐरोलीच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय, हे चाळीस शब्द मी स्वतः शेकडो मुलांकडून वाचून घेतलेत.

आधी आकड्याचं सांगते. चाळीस शब्दांचा हा साचा इंग्लंडचा आहे. तिथे 2012 पासून सगळ्या सरकारी शाळांत पहिलीच्या मुलांची ही तपासणी होते, वर्ष संपत आलं की जूनमध्ये. वीस खरे शब्द, वीस बनवलेले, बनवलेल्या शब्दाशेजारी एका एलियनचं चित्र असतं म्हणजे मुलाला कळतं की हे त्या प्राण्याचं नाव आहे, याला अर्थ शोधायचा नाही. 32 आले की झालं, नाही आले तर दुसरीत परत एकदा. आता हिशोब करा, तिथलं वर्गातलं सगळ्यात लहान पोरसुद्धा त्या जूनमध्ये पावणेसहाच्या पुढे असतं, आणि तोवर रोज साउंड्स शिकून झालेले असतात. तुमची मुलगी नुकती पाचची. तिच्या 17 ची तुलना त्या 32 शी होतच नाही, आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या 35 शी तर अजिबात नाही, कारण त्या मुलीचा वाढदिवस कदाचित जानेवारीतला असेल आणि तुमचीचा डिसेंबरमधला. या वयात अकरा महिने म्हणजे खूप झाले.

पण बनवलेल्या शब्दांवर तुम्ही चिडलाय ते मला पटलेलं नाही. 'अर्थ नसलेले शब्द मुलीला वाचायला लावून काय मिळालं?' असं विचारलंय तुम्ही. त्या तपासणीतली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे, आणि हे मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये.

माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता, नाव बदलून अद्वैत म्हणते. वर्गातला सगळ्यात हुशार वाचणारा. गॅदरिंगला स्टेजवर रीडरमधला धडा वाचून दाखवलेला, आवाज खणखणीत, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा सगळं बरोबर. आईने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्याची तपासणी घ्यायला बसले तर खरे शब्द भराभर वाचले, कॅट, शिप, फिश, सगळं. बनवलेल्या शब्दांवर आला आणि थांबला. शब्दाकडे बघायचा, मग एलियनच्या चित्राकडे, मग माझ्या तोंडाकडे. 'झॉब' लिहिलं होतं, तो म्हणाला 'झेब्रा'. 'फिम' ला 'फिश'. पहिलं अक्षर बघून पुढचं तो मनाने लावत होता.

मला शंका आली म्हणून मी त्याचंच रीडर उघडलं, त्याच्या आवडीचं पान, आणि चित्रावर हात ठेवला. त्याने काय करावं, माझं एकेक बोट हळूच उचलायला लागला! मग मी त्याच वाक्यातले शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि क्रम बदलून समोर ठेवले. 'सॅट' ला म्हणाला 'मॅट'. 'ऑन' ला म्हणाला 'नो'. जे वाक्य तो स्टेजवर धडाधड म्हणत होता त्यातले शब्द सुटे केल्यावर त्याला ओळखता येईनात. म्हणजे पोरगं वाचतच नव्हतं. त्याला अख्खी पुस्तकं पाठ होती आणि नेहमी दिसणाऱ्या शब्दांचा तोंडवळा लक्षात होता. स्मरणशक्ती जबरदस्त, घरी बाबा रोज रात्री पुस्तक वाचून दाखवायचे, त्यामुळे कुणाला कधी संशयच आला नाही. अशी मुलं तिसरी-चौथीत अडकतात, चित्रं संपतात, शब्द लांब होतात, आणि मग सगळे म्हणतात आधी किती हुशार होता, आता अभ्यासात लक्षच नाही. खरा शब्द पाठ असू शकतो. 'झॉब' कुणाचा पाठ असणार? तो वाचायचा तर झ्, ऑ, ब् असे तीन आवाज काढून जोडावेच लागतात.

आता ज्याच्यावरून माझी शाळेत कायमची खटकली ते. चार दिवसांवर ओपन हाऊस होतं. आमच्या कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, याचे बनवलेले शब्द सोडून दे, खरे तेवढे मोज आणि 'मीट्स एक्स्पेक्टेशन' टाक, एवढा बोलका मुलगा, आईवडील भांडायला येतील. मी म्हटलं येऊ देत. मी कागद बदलला नाही. तर पुढच्या टर्मला मॅडमनी नवीन टूम काढली, तपासणीच्या आधीच शब्दांची यादी घरी पाठवायची, 'प्रॅक्टिस'साठी. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं की मग तपासणी घेऊच नका, कारण 'झॉब' एकदा घरी घोकून घेतला की तोही कॅटसारखाच पाठ होणार आणि अद्वैतसारखं पोर परत सापडायचं नाही. तर मला उत्तर काय मिळालं, की हे एकेकाला बसवून वाचून घेणं वगैरे परदेशी फॅड आहे, आपल्याकडे चाळीस मुलांच्या वर्गात चालत नाही.

परदेशी फॅड? 'प्रथम' या संस्थेची माणसं 2005 पासून 'असर' नावाच्या शिक्षणाच्या सर्व्हेत खेड्यापाड्यात जाऊन, मुलाच्या घरी, ओट्यावर बसून, एकेका मुलाकडून अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचून घेतायत. एका कागदावर होतं ते. आपल्या राज्यातली पाचवीतली कितीतरी मुलं दुसरीचं वाचू शकत नाहीत हे आपल्याला कळलं ते त्यातूनच, वर्गात सगळ्यांनी एका सुरात म्हटलेल्या कवितेतून नाही कळलं. केंद्राचं निपुण भारत अभियान 2021 मध्ये आलं तेही तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचायला लागलं पाहिजे म्हणूनच. एका मुलाला पाच ते दहा मिनिटं लागतात. गॅदरिंगच्या डान्सला महिनाभर मिळतो आपल्याला, याला नाही मिळत?

आणि मार्कांचं भूत लागलं की काय होतं ते इंग्लंडलाही दिसलंय. पहिली दोन वर्षं 32 ही रेषा शिक्षकांना आधीच माहीत होती. निकालाचा आलेख काढला तर 31 पर्यंत मुलं कमी आणि बरोबर 32 वर एकदम उंच सुळका. काठावरच्या पोरांना हात देऊन वर ओढलेलं होतं, दुसरं काय. 2014 पासून ती रेषा तपासणी होऊन जाईपर्यंत सांगायचीच नाही असं ठरवलं. म्हणून म्हणते, हा आकडा टीचरसाठी आहे, उद्या या मुलीला काय शिकवू हे ठरवण्यासाठी. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की संपलं सगळं.

अद्वैतची आई आली, रागातच होती, 'घरी तर सगळं वाचतो' म्हणाली. मी तिला त्या चिठ्ठ्याच दिल्या, म्हटलं घरी जाऊन बघा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेटपाशी उभी होती, म्हणाली काय करायचं सांगा. जे तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगते, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे.

ती मुलाला 'कअ, ॲ, टअ' असं शिकवत होती. आपल्या मराठी घरांत हे हमखास होतं, कारण आपलं प्रत्येक अक्षर अ घेऊनच येतं. पण मूल कअ-ॲ-टअ जोडायला गेलं की कॅट होत नाही, भलतंच काहीतरी होतं, आणि ते जोडणं सोडून अंदाज लावायला लागतं. म्हणून आधी जे आवाज लांबवता येतात ते घ्या, स्स्स, म्म्म, फ्फ्फ, न्न्न. मग क्, ट्, प् अगदी तोडून, मागे अ न लावता. स्पेलिंग घोकणं, ते 'सी-ए-टी कॅट', काही दिवस पूर्ण बंद. स्, ॲ, ट्, इ, प्, न् एवढ्या सहा आवाजांत सिट, पिन, टॅप, नॅप असे कितीतरी शब्द होतात, म्हणून बऱ्याच शाळा सुरुवात तिथूनच करतात. तिथेच थांबा, पुढे पळू नका. मी कॅरमच्या सोंगट्या घ्यायचे, कागदावर तीन चौकोन, 'शिप' म्हटलं की एकेका आवाजाला एक सोंगटी सरकवायची, श्, इ, प्. आवाज तीनच पण इंग्रजी अक्षरं चार, हे मुलाला सोंगटी सरकवताना लगेच कळतं, फळ्यावर समजावून कळत नाही. अद्वैतचं रोज झीरो पीरियडला थोडंथोडं चाललं होतं, मार्चपर्यंत तो अडखळत, बोट ठेवून, पण स्वतः वाचायला लागला. स्टेजवरच्यासारखं खणखणीत नाही. पण खरं.

मराठी मीडियमवाल्यांनी 'आमच्याकडे बाराखडी आहे, आम्हाला काय गरज' म्हणू नये. म दाखवला की 'मगर' म्हणणारी मुलं मी पाहिलीत, क दिसला की 'कमळ'. 'टमुक', 'बोडाम' असलं काहीतरी लिहून वाचायला द्या, लगेच कळेल कोण वाचतंय आणि कोण चित्र आठवतंय.

क्लासचं. नौपाड्यापासून खारघरपर्यंत गल्लीगल्लीत फोनिक्सचे बोर्ड लागलेत. माझं स्पष्ट मत आहे की शाळेत नीट शिकवत असतील तर पैसे वाया. गाणी, ॲक्शन्स, सर्टिफिकेट, आणि क्लासवाली टीचरच 'बअ, कअ' म्हणत असेल तर उलट नुकसान. लावायचाच झाला तर आधी एक तास बाहेर बसून ऐका.

काही गोष्टी राहिल्या. बनवलेला शब्द चुकला म्हणजे वाचता येत नाहीच असंही नाही, चांगली वाचणारी काही मुलं त्याला ओळखीचा शब्द बनवायला बघतात, म्हणून कुठे चुकली ते पाहावं लागतं. आणि चाळीसपैकी चाळीस आले तरी गोष्ट समजेलच असं नाही, त्यासाठी घरी मराठीत भरपूर बोलणं, गोष्टी सांगणं हेच लागतं, ते या तपासणीत मोजलंच जात नाही. उच्चाराचंही बघा, 'थिन' चा थ आपण मराठी माणसं आपल्या पद्धतीने म्हणतो, व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला व म्हणतो, त्याचे मार्क कापले असतील तर टीचरशी बोला, इंग्लंडमध्येही मुलाच्या बोलीचा उच्चार चूक धरत नाहीत. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनातल्या जन्मजात अडचणीचं, नाव तर आत्ता घरात काढूच नका, केंद्राच्या 2018 च्या सूचनांतसुद्धा त्याचं स्क्रीनिंग तिसरी किंवा आठ वर्षं यापैकी जे आधी येईल तेव्हाचं सांगितलं होतं. पण कान मात्र तपासून घ्या, या वयात सर्दी झाली की कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, मूल दुखतंय म्हणत नाही आणि फ्, थ्, स् त्याला सारखेच वाटू शकतात.

ओपन हाऊसला आकडा विचारू नका, तो चाळीस शब्दांचा कागद बघायला मागा, आणि विचारा की पहिला आवाज चुकतोय, मधला चुकतोय, का आवाज सगळे येतायत पण जोडता येत नाहीत. चांगली टीचर दोन मिनिटांत सांगेल. कागद दाखवायला नकार दिला तर प्रिन्सिपलकडे जा, गप्प बसू नका. आणि पुढच्या वेळी शाळेने तपासणीआधी शब्दांची यादी घरी पाठवली तर मुलीला न दाखवता तशीच परत द्या, आणि का परत देताय ते डायरीत लिहून द्या.