तांग घोड्याआधी हान काळातले डुक्कर

प्राचीन चीनमधील कबरींत ठेवलेली मातीची जनावरे पुण्यात राहून जमवता येतील का, आणि एका विक्रेत्याने वयाच्या प्रमाणपत्रासह देऊ केलेला चीनच्या तांग राजवटीतला तिरंगी झिलईचा घोडा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त काही वर्षे हाँगकाँगला असताना हॉलिवूड रोडवरच्या दुकानांत मला या वस्तूंचा नाद लागला, म्हणून लिहितो आहे. तो घोडा तूर्त घेऊ नये आणि सुरुवात हान काळातल्या एखाद्या डुकरापासून किंवा कोंबड्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘चिनी माती’ या शब्दाने आपल्याला कपबशी आठवते, परंतु या वस्तू साध्या भाजक्या मातीच्या, आतून पोकळ आणि हाताला अपेक्षेपेक्षा हलक्या लागणाऱ्या असतात. त्यांना चिनी भाषेत ‘मिंगछी’ म्हणतात. मृताच्या सोबतीला द्यायच्या या वस्तू होत. आन्यांगजवळच्या, हानच्या बऱ्याच आधीच्या शांग राजवटीतल्या कबरींत खरे घोडे रथासकट पुरलेले सापडले आहेत. पुढे अशा बळींची जागा हळूहळू मातीच्या प्रतिमांनी घेतली आणि हान काळापर्यंत (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) कबरीत अख्खे घरदार उतरू लागले: धान्याची कोठी, विहीर, चूल, राखणीचा कुत्रा, कोंबड्या, आणि वर शौचकूप व खाली डुकरे असे आवारसुद्धा. शिआनजवळ हान सम्राट जिंग याच्या यांगलिंग समाधीच्या खड्ड्यांत शेळ्यामेंढ्या, डुकरे आणि कुत्री हजारोंनी रांगेत उभी आहेत. संग्रहाला हात घालण्यापूर्वी शक्य असल्यास ते एकदा पाहून यावे, कारण एकेकटी वस्तू काचेआड पाहून जे कळत नाही ते त्या रांगा पाहून कळते: पोसणाऱ्याने आपले पशुधन बरोबर नेले आहे.

माझ्याकडे हान काळातले एक करड्या मातीचे डुक्कर आहे, ते पोळ्याच्या मातीच्या बैलाहून फारसे मोठे नाही. पाठीच्या कण्यावर राठ केसांची उभी धार आहे, नाकाड जमिनीकडे झुकलेले आहे, आणि पोटाच्या खालून पाहिले तर दोन साच्यांतले अर्धे भाग जिथे जोडले, तो सांधा आतल्या बाजूने बोटाने दाबल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. कानामागे पांढऱ्या लेपाचा आणि तांबड्या रंगाचा जेमतेम नखाएवढा अंश उरला आहे. हा रंग भाजल्यानंतर लावलेला असतो, म्हणून तो ओल्या फडक्यानेही निघून जातो. अशी वस्तू कधीही धुऊ नये, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी एवढेच. हिरव्या झिलईच्या हान वस्तूंवर कधीकधी चंदेरी चमक दिसते. ती ओल्या जमिनीत शिशाच्या झिलईचा पृष्ठभाग झिजून त्यावर पातळ थर साचल्याने येते. ती नकली आणता येते, त्यामुळे केवळ चमकेवर विश्वास ठेवू नये.

तांग काळातल्या (618 ते 907) तिरंगी वस्तूंचे वेड वेगळे आहे, आणि ते मला पुरेपूर समजते. लोहामुळे पिवळट तपकिरी, तांब्यामुळे हिरवा आणि मूळचा दुधी, असे ओघळलेले रंग, क्वचित कोबाल्टचा निळा. त्यावर मध्य आशियातून आलेल्या घोड्यांची आणि दोन वशिंडांच्या उंटांची चाल. ब्रिटिश म्युझियममध्ये 728 साली वारलेल्या ल्यू थिंगशुन या सेनानीच्या कबरीतला म्हणून ओळखला जाणारा संच आहे. त्यापुढून मला लवकर हलता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लुओयांगजवळ रेल्वेसाठी खोदकाम झाले, तेव्हा अशा कबरी उघड्या पडल्या आणि पाश्चात्त्य संग्राहकांची मागणी सुरू झाली. मागणीमागोमाग नकला आल्या आणि त्याहून वाईट म्हणजे कबरफोडीही वाढली.

आता आपल्या प्रमाणपत्राविषयी. उष्णतादीप्तीची चाचणी माती शेवटची केव्हा भाजली गेली हे अदमासे सांगते: मातीतल्या क्वार्ट्‌झसारख्या खनिजांच्या कणांत किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते आणि तापवल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. मात्र ज्या ठिकाणी छिद्र पाडून नमुना घेतला, त्या ठिकाणापुरतेच तिचे उत्तर खरे असते. मी घेतलेल्या एका घोड्याचे नमुने पोटाखालून आणि तो ज्यावर उभा आहे त्या पाटावरून घेतले होते व दोन्ही अस्सल ठरले. पुढे क्ष-किरण चित्र काढले तेव्हा मान, डोके आणि दोन पाय नव्या मातीचे असून जोड रंगाखाली झाकले असल्याचे दिसले. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, आणि कागदावर तो खोटेही बोलला नव्हता. म्हणून नमुना कोठून घेतला याची छायाचित्रे मागावीत आणि क्ष-किरण चित्राचा आग्रह धरावा.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे वस्तूचा मालकीइतिहास. चीनने 1982 मध्ये सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि तांग काळाच्या अखेरपर्यंतच्या पुरावस्तूंच्या आयातीवर अमेरिकेने 2009 पासून निर्बंध घातले आहेत. वस्तू सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या 1970 च्या करारापूर्वी चीनबाहेर होती, असे जुन्या लिलावसूचीने किंवा पावतीने दिसत असेल, तरच मी पुढे जातो. कागद नसलेली वस्तू कोणाच्या तरी पूर्वजाची कबर अलीकडे फोडून आणलेली असू शकते, आणि ती आपल्या कपाटात असावी असे मला वाटत नाही. भारतात शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि एकदा आणलेली वस्तू खाजगी व्यक्तीला पुन्हा परदेशी पाठवणे जवळजवळ अशक्य होते, हेही आधी ध्यानात घ्यावे व सीमाशुल्क आणि नोंदणीविषयी पुरातत्त्व खात्याकडे अगोदर विचारणा करावी.

आपल्या विक्रेत्याला आज तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: नमुने कोठून घेतले, क्ष-किरण चित्र आहे का, आणि 1970 पूर्वी ही वस्तू कोणाकडे होती. उत्तर आले तर ते येथे लिहावे, मी वाचून सांगेन. आठवडाभरात आले नाही तर घोडा सोडून द्यावा.