हीटर लावायच्या आधी वायरिंग बघ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर म्हणजे वायरिंगपण जुनंच असणार, आणि तिथल्या जानेवारीत हीटर नि गीझर दोन्ही लागणारच, म्हणून आत्ताच सांगतो. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 8.7 अँपिअर खेचतो आणि छोटं सॉकेट असतं 6 चं, तेव्हा 16 अँपिअरचंच हवं, एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको रे. दोघांना मेन बोर्डापासून वेगळी लाईन, 2.5 चौरस एमएम तांब्याची वायर, 3000 वॉटचा गीझर असला तर मी 4 ची घालतो, आणि प्रत्येक लाईनला स्वतःची एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच.

खरा घात होतो जोडावर. वायर सोलताना आतल्या तारा तुटू देऊ नकोस, टोकाला लग, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसव, स्क्रू आवळला की जरा ओढून बघ, एकही तार बाहेर डोकावायला नको. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून बटण बंद कर, प्लग काढ नि त्याला हात लाव, चांगलाच गरम लागला तर जोड ढिला आहे किंवा सॉकेट गेलंय.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लाव, आणि हिरवी वायर फक्त अर्थिंगलाच. मेन बोर्डाला मात्र तू हात लावू नकोस, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलव.