मावसभाऊ कर्जाला जामीन राहा म्हणतोय. वाईटपणा न घेता नाही कसं म्हणू?

प्रश्न असा आहे : "नोकरीत कायम होऊन वर्ष झालं. मावसभाऊ गाडीच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. बहीणही नोकरीला आहे, पण तो माझ्याकडे आलाय. नात्यात वाईटपणा न येता नाही कसं म्हणायचं?"

वाईटपणा येणार. तो टाळून नाही म्हणायची युक्ती मला तरी सापडलेली नाही. तो आज घ्यायचा की तीन वर्षांनी व्याजासकट, एवढंच तुमच्या हातात आहे. मी तीन वर्षांनी घेतला.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. एकवीस वर्षं झाली. गेटवर गाडी लागली की चलन हातात घ्यायचं, खोकी मोजायची, एखादं फुटलेलं असेल तर चलनावर तसं लिहायचं आणि मग सही. ड्रायव्हर कितीही घाई करो, न मोजता माझी सही होत नाही. हे आधी सांगतोय, कारण पुढची सहीही याच हाताने केली.

२०१६ ची अक्षय्य तृतीया. आईचं माहेर पिंपळगाव बसवंतच्या पुढे, निफाड तालुक्यात. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. पुरणपोळी, आमरस, कुरडया. पंगत अर्ध्यावर आली तेव्हा मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "धाकट्याला पिकअप घ्यायचीय. द्राक्षं, टोमॅटो, आपल्याकडे भाड्याला काय तोटा आहे? पतसंस्था पाच लाख द्यायला तयार आहे, फक्त जामीनदार पगारदार पाहिजे म्हणते. तर आपला भाचा आहे की परमनंट!" पंधरा-वीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मामी आमरसाचं पातेलं घेऊन माझ्यासमोरच थांबल्या आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरली. हात रसाने चिकट होते. मी म्हणालो, "हो, त्यात काय."

या "त्यात काय"बद्दल मी नंतर वर्षानुवर्षं विचार केलाय. मामेभावाच्या प्रेमापोटी मी हो म्हटलं, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नव्हतं. वडील रोजंदारीवर होते. मामांच्या घरी बागायती होती. लहानपणी त्या घरात आम्ही कायम शेवटच्या पंगतीला बसायचो आणि आई जेवायच्या आधी भांडी घासायला लागायची. त्याच घराला माझ्या शब्दाची गरज पडली होती आणि ती सगळ्यांसमोर बोलून दाखवली गेली होती. मला मोठं वाटलं. सही त्या मोठेपणाने केली. तुम्ही लिहिलंय, "कायम होऊन वर्ष झालं." तुमच्यातही तो मोठेपणा असेल, आणि असायलाही हवा, कष्टाने मिळवलाय. पण मागायला येणारा नेमका त्याच्यावर बोट ठेवतो, मुद्दाम असो वा नसो.

पतसंस्थेत गेलो तेव्हा अर्ज, करारनामा, वचनचिठ्ठी, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, दोन कोरे चेक, सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. थोडे पैसे घेऊन मला नाममात्र सभासदही करून घेतलं. क्लार्कने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. "साहेब, फुली तिथे सही." मी सतरा सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही. मधे चहा आला, तो मात्र नीट प्यायलो.

पहिले पाच-सहा हप्ते वेळेवर गेले. मग ८ नोव्हेंबरची नोटबंदी आली. इकडे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये जादा पाळ्या लावून नोटा छापत होते आणि तिकडे पिंपळगावच्या बाजारात भाडं द्यायला कुणाकडे रोख नव्हती. टोमॅटोचे भाव पडले, माल रस्त्यावर ओतला गेला, गाडीला काम राहिलं नाही. मामेभाऊ व्यसनी नाही, लबाड नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तो अडकला. २०१७ च्या दिवाळीपर्यंत हप्ते पूर्ण थांबले. मला यातलं काही कुणी सांगितलं नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत वसुलीचा माणूस थेट कंपनीच्या गेटवर आला. ज्या गेटवर मी रोज गाड्या थांबवतो, तिथून सिक्युरिटीने मला हाक मारली, "तुमच्याकडे पतसंस्थेचे कुणी आलेत." पाच-सहा हमाल उभे होते. मी त्यांच्यासमोर नोटिशीचं पाकीट उघडलं.

पुढे संस्थेने पिकअप ओढून नेली, विकली, जे आले ते कर्जात वळते केले. बाकीसाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला, त्यात कर्जदाराखाली माझं नाव. "आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या" म्हणायची सोय नसते. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे : करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. तुमच्या मावसभावाचं कर्ज बँकेचं असेल तर ते तुमच्या सिबिलमध्येही, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीतही, दिसेल. उद्या तुम्हाला घर घ्यायचं असेल तेव्हा बँक त्याबद्दल विचारेल.

माझ्या वाट्याला तीन लाख आले. कंपनीतल्या कामगारांच्या पतपेढीतून, म्हणजे सोसायटीतून, कर्ज काढून भरले. अठ्ठेचाळीस महिने, दर महिन्याला ७,७५० रुपये. पगाराच्या पावतीवर कपातीच्या रकान्यात "सोसायटी" असा एकच शब्द यायचा. मुलगी तेव्हा बारावीला होती. तिने एकदा पावती हातात घेऊन विचारलं, "पप्पा, ही कसली सोसायटी? आपण तर रो-हाउसमध्ये राहतो." मी म्हणालो, बचत आहे. ते खोटं मला त्या तीन लाखांपेक्षा जास्त लागलं.

आणि आई. दर भाऊबीजेला ती सीबीएसवरून एसटीने माहेरी जायची, तीन मुक्काम करून यायची. २०१८ च्या भाऊबीजेला सकाळी गेली आणि त्याच संध्याकाळी परत आली. चकल्या-शेवेची पुरचुंडी जशी बांधून नेली होती तशीच पिशवीत. वर्तमानपत्राला तेल सुटून अक्षरं आरपार दिसत होती. ओवाळून आली होती, पण जेवली नव्हती. काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. त्यानंतर मी मामांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या सहीवर संस्थेने पैसे दिले. आम्ही थोडेच तुझ्याकडून घेतले?"

करार कायद्याप्रमाणे जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून मागता येतात. दावा लावता येतो. मी लावला नाही, आईच्या भावाच्या घरावर मी कोर्टाचा बेलीफ पाठवणार नव्हतो. मामेभावाने आजवर दोन वेळा मिळून अकरा हजार आणून दिलेत. मी मोजून घेतले.

तर तुम्ही काय म्हणायचं? "मी कुणालाही जामीन राहत नाही," एवढंच. कारण देऊ नका. कारण दिलंत की समोरचा त्यावर उपाय शोधून आणतो. बायकोवर ढकलू नका, बहुतेक पुरुष तेच करतात आणि मग जन्मभर ती वाईट ठरते. त्याच दमात, बुडाली तरी तुमची झोप जाणार नाही अशी रक्कम पुढे करा, पाच हजार असो की वीस, परत मागायची नाही या हिशेबाने. आणि हे घरात, दोघंच असताना. पंगतीत विचारलं तर "उद्या बोलू" म्हणा आणि जेवा.

एक राहिलं. सख्ख्या भावाबहिणीचं शिक्षणाचं कर्ज किंवा दवाखाना असेल तर मी एवढं कठोर बोलणार नाही. तिथेही कागद वाचा, त्याची प्रत घ्या आणि दर महिन्याला हप्ता गेल्याचा मेसेज तुम्हालाही येईल असं बघा. मला पहिला हप्ता चुकला तेव्हाच कळलं असतं तर गाडी वेळेत चांगल्या भावात विकता आली असती.

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल, नानाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात बहिणीचा उल्लेख आहे. नाना दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शिक्षकाचा पगार बँकेला आवडतो, त्यामुळे मामा आधी त्याच्याकडेच गेले होते, त्या वर्षीच्या शिमग्याला. नानाने सरळ सांगितलं, जामीन राहणार नाही, हे वीस हजार घ्या, परत नाही दिले तरी चालतील. मामांनी घेतले. दोन महिन्यांनी त्या पंगतीत नाना माझ्यापासून दोन पाटांवर बसला होता. मी "हो, त्यात काय" म्हणालो तेव्हा तो खाली मान घालून पोळीचा घास मोडत होता.

नोटीस आल्यावर मला हे समजलं. मी विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, "पंगतीत कसं बोलणार? आणि तू मला विचारलंस कुठे?" त्याच्या मते नकार हा ज्याचा त्याचा, दुसऱ्याला सांगणं म्हणजे मामांची चहाडी. आज मामांच्या घरी नानाचं नाव निघतं ते "अडचणीला वीस हजार दिले" असं. माझे तीन लाख संस्थेच्या खिडकीत गेले, ते कुणाच्या हातावर पडले नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही नाहीत. याबद्दल नानावर माझा राग नाही, त्याने केलं ते बरोबर केलं. पण चहाडी हे मी मान्य करणार नाही. नाही मिळाल्यावर मागणारा थांबत नाही, घरातल्या पुढच्या पगारदाराकडे जातो, आणि त्या पुढच्याला वाटतं आपल्याला पहिल्यांदा विचारलं.

कदाचित तुमच्याकडेही तो पहिल्यांदा आलेला नसेल. नाही म्हणण्याआधी बहिणीला फोन करा, तिला विचारलं होतं का बघा. आणि नाही म्हटल्यावर त्याच रात्री तिला पुन्हा फोन करून सांगा, मी नाही म्हटलंय, आता तो तुझ्याकडे येईल.